साबूचा नायटा: जून ते ऑगस्ट

२२ जून
आमचा गिनीपिग साबू, त्याच्या नाकावर, मिशांच्या मुळाशी, तुरीच्या डाळीएवढी जागा उघडी पडलेली दिसली. वर थोडा कोंडा. वाटलं, काजूने, म्हणजे दुसऱ्या गिनीपिगने, चावलं असेल. काजूला घरी येऊन तीनच आठवडे झालेत आणि दोघांत दादा कोण हे अजून ठरायचंय. सोडून दिलं.

२६ जून
डाळीचा पावटा झाला. डोळ्याच्या कडेलाही एक चट्टा आलाय. चिमटीत धरून हलकं ओढलं तर पाच-सहा केस एकदम हातात आले, मुळाशी पांढरा पापुद्रा. आईने लांबूनच बघून सांगितलं, "चाई लागलीय." शेजारच्या काकूंचं मत खरूज, आणि उपाय खोबरेलात कापूर. काकूंना चहा पाजला, कापूर देव्हाऱ्यातच ठेवला. मंडळी, एक-दीड किलोच्या आतल्या जिवाला कापूर म्हणजे विष आहे, आणि अंगाला लावलेलं सगळं हे चाटतातच.

नवीन पाळणाऱ्यांसाठी मध्येच एक गोष्ट: गिनीपिगच्या दोन्ही कानांच्या मागे टक्कल असतंच, तो आजार नाही. पहिल्या वर्षी त्यापायी माझ्या दोन रात्री गेल्या होत्या.

खरा प्रश्न नायटा की खरूज हा. खरजेचे किडे कातडीच्या आत बिळं करतात. खाज इतकी की पाठीला हात लावला तरी गिनीपिग किंचाळतो, कधी झटकेसुद्धा येतात. चट्टे बहुतेक खांद्यांवर, पाठीवर, मांड्यांच्या आत. नायटा सहसा तोंडापासून सुरू होतो, म्हणजे नाक, डोळे, कान, आणि खाज त्या मानाने कमी. साबू खाजवत नव्हता, म्हणून माझं मत नायट्याकडे. पण नुसत्या नजरेने ठरवणाऱ्यांनी भलतंच औषध देऊन महिना घालवल्याची उदाहरणं आपल्या गिनीपिग पाळणाऱ्यांतच आहेत, त्यामुळे मत स्वतःपाशी ठेवलं.

२९ जून
रविवार. डोंबिवलीहून रिकामी लोकल, मांडीवर टोपली, वर ओला टॉवेल. दोघांनाही घेऊन गेलो, कारण एकट्याला नेलं की दुसरा घरी खात नाही. समोरच्या बाई डोंबिवलीपासून टोपलीकडे बघत होत्या. ठाण्याला न राहवून विचारलं, "ससा आहे का हो?"

प्राण्यांच्या डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचं खरवडलं आणि चिकटपट्टीनेही नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकात किडा एकही नाही, पण केसाच्या बाहेरून बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बारीक बियांची, रांग. मलाही दाखवली, जणू काडीला साबुदाणे चिकटलेत. म्हणजे बुरशी, नायटाच. कोणती, ते कल्चरवर (नमुन्यातली बुरशी वाढवून बघतात त्यावर) कळेल आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतील. त्यासाठी नवा कोरा टूथब्रश अंगभर फिरवून नमुना घेतात, हे मला माहीत नव्हतं. काजूच्या अंगावर एकही डाग नसताना त्याचाही घेतला. मला तो खर्च फुकटचा वाटला.

औषध: इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध तोंडाने, दिवसातून एकदा, दोघांनाही. नाकावरच्या चट्ट्याला मायकोनाझोलचं मलम अगदी पातळ, डोळ्याजवळ अजिबात नाही. डोस मुद्दाम लिहीत नाही. तो ग्रॅमांतल्या वजनावर ठरतो आणि तुमचा गिनीपिग म्हणजे साबू नव्हे. मलम लावल्यावर लगेच मूठभर हरळी पुढे टाकायची, तोंड तिकडे गुंतलं की दहा-पंधरा मिनिटं चाटणं टळतं.

६ जुलै
वजन: साबू ९३४ ग्रॅमवरून ८७१. पोटात धस्स झालं. या औषधाने भूक मंदावू शकते असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाणं किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळची वाट न बघता फोन करा, असंही. थांबलं नव्हतं, पण कमी होतं. सिमला मिरची वाढवली. यांच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते कमी पडलं तर कातडी आणखी बिघडते. पाण्यात थेंब घालू नका, ते लवकर निकामी होतं आणि पाण्याची चव बदलली की हे पितही नाहीत. पेरूची छोटी फोड आठवड्यातून दोनदा. साखर जास्त, म्हणून रोज नाही.

९ जुलै
आता माझी पाळी. डाव्या मनगटावर लाल गोल, कडा उठलेली. मेडिकलवाल्याने न विचारता ट्यूब पुढे केली. तीन दिवस छान वाटलं, मग गोल दुप्पट झाला. ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली, तर आत स्टेरॉइड. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र खुशाल पसरते. त्वचारोगतज्ज्ञांचा पहिलाच प्रश्न होता, "घरी कुठला प्राणी आहे?" ही असली ट्यूब घरात आहे म्हणून गिनीपिगला लावायचा मोह कुणाला होत असेल तर माझं मनगट आठवा.

निळ्या (अतिनील) दिव्याची बॅटरीही मागवून झाली होती, साडेतीनशे रुपये. तिच्या उजेडात नायटा चमकतो अशी माझी समजूत. अंधारात साबूवर मारली, काहीच चमकलं नाही आणि मी खूश झालो. नंतर कळलं, ती चमक मांजरांमध्ये आढळणाऱ्या एका बुरशीची. गिनीपिगांवर जी बहुधा असते ती चमकतच नाही. सध्या बॅटरी गच्चीवर विंचू शोधायला वापरतो. विंचू मात्र चमकतात (अजून सापडलेला नाही).

१७ जुलै
कल्चरचा निकाल: ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटीस, हे त्या बुरशीचं नाव. साबूचा पॉझिटिव्ह, ते अपेक्षितच होतं. आणि काजूचाही पॉझिटिव्ह! अंगावर केसाला धक्का नाही आणि बुरशी घेऊन फिरतोय. म्हणजे दुकानातून तोच घेऊन आला, आणि मी पहिल्याच दिवशी दोघांना एका पिंजऱ्यात सोडलं. तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं हे इथे मीच चार जणांना सांगितलंय.

आता वेगळं करून उपयोग नाही. औषध दोघांना चालूच आहे.

यानंतरचं खरं काम औषधाचं नव्हतं, झाडूपोछ्याचं होतं. बीजाणू गळलेल्या केसांवर महिनोन्‌महिने टिकतात. आंब्याच्या पेटीपासून हौसेने केलेलं लाकडी घर टाकून दिलं, कारण लाकडाच्या फटी निर्जंतुक होत नाहीत. त्याजागी पुठ्ठ्याची खोकी, दर तीन दिवसांनी नवी. किराणावाला ओळखायला लागलाय. फ्लीसचं (मऊ, लोकरीसारख्या कापडाचं) अंथरूण रोज बदलतो. आधी चिकटपट्टीने केस काढायचे, नाहीतर मशीनची जाळी तुंबते. मग दोनदा धुवायचं, ड्रम अर्धाच भरून, कारण बीजाणू निघतात ते मुख्यतः घुसळण्याने. जुलैत वाळवायचं कुठे हे मात्र विचारू नका, हॉलमध्ये आडव्या दोऱ्या आहेत आणि पाहुणे वाकून येतात.

पिंजऱ्याचा तळ आधी साबणाने घासायचा, मग एकास दहा पाण्यातलं ब्लीच दहा मिनिटं ओलं ठेवायचं, धुवायचं, कोरडं करायचं. तोवर दोघं दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये संडासचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.

३ ऑगस्ट
साबू ९०२. नाकावर मखमलीसारखी लव आलीय. मनगट बरं. आई म्हणते, औषध थांबव आता, पोरगं बरं झालं. डॉक्टर म्हणाल्या, डोळ्याला बरं दिसतं त्याच्या पुष्कळ नंतर बुरशी जाते. दोघांच्या ब्रशचे नमुने लागोपाठ दोनदा निगेटिव्ह आले की मग थांबायचं.

२४ ऑगस्ट
पहिला नमुना दोघांचाही निगेटिव्ह. साबू ९४८, म्हणजे आजारापूर्वीपेक्षाही वर. पिशवी वाजली की पुन्हा शिट्ट्या सुरू झाल्यात, आणि काजू आता साबूच्या तोंडातली कोथिंबीर सरळ ओढून घेतो, तेव्हा दादा कोण हे ठरलंय. दुसरा ब्रश काल दिला, निकाल गणपतीनंतर. तोवर खोकी चालूच. मोदकांच्या मिठाईवाल्याकडे चांगली जाड असतात, सांगून ठेवलंय.