साधा शर्मन

रणगाड्यांची छोटी मॉडेले पटावर मांडून खेळायच्या युद्धखेळाचा रविवारचा डाव संपून दोन दिवस झाले. मी कसा हरलो हेही आता नीटसे आठवत नाही, पण डाव सुरू होण्यापूर्वी समीरने फासे हातात खुळखुळवत विचारलेला प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. ‘हा साधा शर्मनच धरायचा ना?’ मी ‘हो’ म्हणालो. शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी रणगाडा, आणि खेळाच्या नियमांप्रमाणे माझा तो साधाच होता.

त्या १/५६ प्रमाणाच्या (खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाएवढ्या) जोडायच्या किटवर मी तीन आठवडे घालवले. रणगाड्याच्या नाकाला बसवायचे दाते एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून कापले, कानशीने घासले आणि मनासारखे न झाल्याने दोनदा फेकून दिले. वेल्डिंगची रेघ दिसावी म्हणून स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात त्याचा) तुकडा मेणबत्तीवर धरून ताणला, तो केसाएवढा तंतू सांध्यावर ठेवून पातळ गोंदाने मऊ केला आणि पात्याच्या टोकाने त्यावर एकेक खाच पाडली. गाडी हिरवट, पण दाते मात्र गंजलेले रंगवले. कारण १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत हे दाते बहुधा जर्मनांनी किनाऱ्यावर रोवलेल्या लोखंडी अडथळ्यांपासून बनवले जात, आणि ते लोखंड खाऱ्या वाऱ्यात उभे राहिलेले होते. हे सगळे समीरला सांगायचे माझ्या ओठांवर आले होते. त्याने तोवर पट्टी काढून अंतर मोजायला घेतले.

मला नक्की काय हवे होते, हे काल रात्री पुन्हा तपासून पाहिले. फाशांवर एखादा जादा गुण नको होता. कौतुकही, खरे तर, नको होते (हे लिहिताना मी थोडा अडखळलो). त्या गाडीला इतर चार शर्मनांत मोजू नये, एवढेच वाटत होते. आणि मोजू नये असे का वाटावे, याचे उत्तर देता येत नाही. घरातही तोच प्रकार, पण तो विषय आज नको.

या दात्यांचे श्रेय अमेरिकी सैन्यातल्या सार्जंट कर्टिस कलिनला मिळाले. नॉर्मंडीतल्या शेतांभोवतीच्या, झुडपांनी झाकलेल्या मातीच्या बांधावर रणगाडा चढू लागला की त्याचे पातळ चिलखताचे पोट शत्रूसमोर उघडे पडे. दात्यांमुळे तो चढण्याऐवजी बांध फोडून आरपार जाऊ लागला. मूळ कल्पना मात्र आपल्या एका साथीदाराची होती, असे कलिन स्वतः सांगत असे, आणि ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. हे आठवल्यावर माझे दुःख बरेच लहान दिसू लागले. तरी ते गेले नाही.

आज गाडी पुन्हा दिव्याखाली धरली. डावीकडून दुसरा दाता चक्क वाकडा बसला आहे, आणि मागच्या बाजूला पुट्टीत माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला आहे. तीन आठवडे मला नेमकी हीच धास्ती होती की कोणाच्या तरी हे लक्षात येईल. समीरच्या ते लक्षात आले नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेत की काय! शिवाय रविवारच्या पटावर सगळे सपाट शेत होते. फोडायला एक बांधसुद्धा नव्हता. स्पंजचे तुकडे आणि काथ्या काढून ठेवला आहे. दोन हात लांबीचा बांध पुढच्या रविवारपर्यंत वाळायला हवा.