लेस्टर काल नाही, आधीच बुडाले होते

सोमवार, २९ मे २०२३

काल लेस्टर सिटीचे प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगमधील स्थान गेले, आणि तेही वेस्ट हॅमला २-१ असे हरवून. शेवटच्या दिवशी जिंकूनही खाली जावे लागले म्हणून सगळीकडे नशिबाला बोल लावणे सुरू आहे. मला ते पटत नाही. ३८ सामन्यांत ३४ गुण मिळवणाऱ्या संघाने नशिबाची तक्रार करू नये.

शेवटचे सामने सुरू होताना बचावासाठीच झगडणाऱ्या एव्हर्टनचे ३३ गुण होते आणि लेस्टरचे ३१. ३४व्या मिनिटाला हार्वे बार्न्सने गोल केला आणि त्या क्षणी गोलफरकाच्या (केलेले वजा खाल्लेले गोल) बळावर लेस्टर धोक्याच्या रेषेच्या, म्हणजे खाली जाणाऱ्या तळाच्या तीन संघांच्या, वर आले. मध्यंतर त्याच आशेवर गेले. मग तिकडे गुडिसन पार्कवर बॉर्नमथविरुद्ध एव्हर्टनच्या डुकुरेने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून चेंडू जाळ्यात मारला. त्यानंतर वाउट फासने लेस्टरचा दुसरा गोल केला खरा, परंतु तोवर सगळा जीव बॉर्नमथ बरोबरी साधते का याकडे लागला होता. बॉर्नमथने ती साधली नाही.

आज गुणतक्ता शांतपणे पाहिला तेव्हा खरा राग आला. टिकून राहिलेल्या एव्हर्टनने हंगामात आठ सामने जिंकले, लेस्टरने नऊ. एव्हर्टनचे गोल ३४, लेस्टरचे ५१. फरक पडला तो बरोबरीत: एव्हर्टनने बारा सामने अनिर्णित राखले, लेस्टरने सात. म्हणजे गोल करणारी माणसे होती, हातचा सामना धरून ठेवणारी नव्हती. ६८ गोल खाल्ल्यावर दुसरे काय होणार?

त्यातही १ मेची लढत डोळ्यांसमोरून हलत नाही. समोर एव्हर्टनच होते, लेस्टर २-१ ने पुढे होते आणि मध्यंतराआधी पेनल्टी मिळाली. जेम्स मॅडिसनने चेंडू सरळ मधोमध मारला, आणि एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड डावी-उजवीकडे झेप न घेता जागच्या जागी उभा राहून तो अडवून मोकळा झाला. उत्तरार्धात इवोबीने बरोबरी केली. तो सामना जिंकला असता तर आजच्या हिशेबात लेस्टरचे ३६ आणि एव्हर्टनचे ३५ गुण दिसले असते. तरीही एका पेनल्टीवर संपूर्ण हंगामाचे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते, कारण मुळात त्या पेनल्टीवर अवलंबून राहण्याची वेळ या संघावर यायलाच नको होती.

२०१६चे लीगचे विजेतेपद मी मुद्दाम बाजूला ठेवतो. ते आठवले की सगळेच धूसर होते. अलीकडचे पाहावे: २०२० आणि २०२१ मध्ये सलग पाचवा क्रमांक, २०२१ मध्ये चेल्सीला हरवून एफए कप हा इंग्लंडचा बादफेरी चषक, गेल्या वर्षी आठवे स्थान. या यशाच्या जोरावर पगार वाढत गेले, मात्र युरोपातल्या मोठ्या स्पर्धेचे उत्पन्न आलेच नाही, आणि मालकांचा ड्यूटी-फ्री दुकानांचा व्यवसाय कोविडने हादरला. २०२१-२२ या वर्षात क्लबला ९ कोटी २५ लाख पौंडांचा तोटा झाला. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात कॅस्पर श्मायकेल गेला, तर त्याच्या तोडीचा गोलरक्षक आणला नाही. बचावपटू फोफाना सुमारे सात कोटी पौंडांना चेल्सीकडे गेला आणि मैदानी खेळाडूंमध्ये नवा असा एकटा फास आला. एफए कपच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणाऱ्या टीलेमन्सचा करार येत्या जूनअखेर संपतो आहे. त्याला वेळेवर विकलेही नाही आणि नवा करारही झाला नाही.

पहिल्या सात सामन्यांत एक गुण मिळाला, तेव्हाच काहीतरी करायला हवे होते. पुढे विश्वचषकाच्या सुट्टीपर्यंत संघ तेराव्या स्थानावर चढला, आणि माझ्या मते तीच चढाई घातक ठरली, कारण एवढे चांगले खेळाडू असलेला संघ खाली जाणारच नाही अशी सर्वांची समजूत पक्की झाली. ३० डिसेंबरला लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर लेस्टर आघाडीवर असताना बिचाऱ्या फासने पूर्वार्धातच दोन स्वयंगोल केले आणि सामना २-१ असा गेला, तरी ती समजूत ढळली नाही. प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्सना २ एप्रिलला निरोप दिला गेला. डीन स्मिथ आले तेव्हा आठच सामने उरले होते. ही नेमणूक म्हणजे भर पावसात छप्पर शाकारायला निघण्यासारखी होती. त्या आठ सामन्यांत त्यांनी नऊ गुण मिळवले, त्यामुळे त्यांना दोष देण्याची माझी तयारी नाही.

प्रीमियर लीग जिंकून पुढे त्याच लीगमधून बाहेर पडलेला याआधीचा एकमेव क्लब ब्लॅकबर्न. १९९५चे ते विजेते १९९९ मध्ये खाली गेले. आता लेस्टरचे नाव त्याला जोडले गेले.

ऑगस्टपासून चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीचे ४६ सामने आहेत. मॅडिसन आणि बार्न्स राहतील असे मला वाटत नाही. आघाडीचा खेळाडू जेमी वार्डीचा करार मात्र अजून वर्षभर आहे. तो ३६ वर्षांचा आहे आणि या हंगामात त्याने लीगमध्ये तीनच गोल केले. २०१२ मध्ये फ्लीटवुडहून तो आला, तेव्हाही लेस्टर याच दुसऱ्या श्रेणीत होते. त्याच्याभोवती संघ बांधायचा की त्याला बाकावर बसवायचे, हे जो कोणी नवा प्रशिक्षक येईल त्याला आधी ठरवावे लागेल, आणि यावेळी ते जूनमध्येच ठरलेले बरे.