तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानकथांच्या शेजारी जादूगार कशाला?

वाचनालयात, लग्नकार्यात, कधी बसमध्येही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘तुम्ही विज्ञानाची बाजू घेणारे, मग विज्ञानकथांच्या शेजारी जादूगारांची आणि ड्रॅगनांची पुस्तके तुमच्या कपाटात कशी?’ विचारणाऱ्यांना खरोखरच कुतूहल असते, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

मला या दोन प्रकारांमध्ये भिंत दिसत नाही. लेखक स्वतःच घातलेले नियम शेवटपर्यंत पाळतो का, आणि त्या नियमांची किंमत कथेतल्या माणसांना मोजावी लागते का, एवढेच मी पाहतो. ही दृष्टी मला आमच्या गावांनी दिली. गोव्यात काही ठिकाणी वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करीत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या, अशी श्रद्धा आहे. क्षणात कुठेही प्रकट होण्याची सोय लोकांनी त्याला दिलेली नाही. राखण करायची तर चालावे लागणार, आणि चालले की चामडे झिजणार. अद्भुताला असे वजन देणारा तपशील मला फार थोड्या कादंबऱ्यांत सापडला आहे.

ज्या थोड्यांत सापडला, त्यांतली एक म्हणजे उर्सुला ल ग्विन यांची १९६८ सालची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. भूकंप शमवल्याची ख्याती असलेला ओगियन शिष्याला घेऊन डोंगरातून चाललेला असताना पाऊस येतो. तो मंत्र म्हणत नाही, एका दाट झाडाखाली निवांत आडवा होतो, आणि शिष्य मात्र टपटपणाऱ्या झुडपांत धुसफुसत बसतो. येथे हटवलेला पाऊस दुसऱ्या बेटावर दुष्काळ होऊन उभा राहू शकतो, हे त्या मुलाला पुढे जादूच्या शाळेत शिकावे लागते. कांडी फिरवताच जखमा भरून येणारी आणि जन्मापूर्वीच्या भविष्यवाणीने नायक नेमून ठेवणारी पुस्तके यानंतर मला गोड लागेनाशी झाली.

हाच काटेकोरपणा डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे नुसती चाटून जाते. लेखक एवढेच बदलतो आणि बाकी सारे त्यातून निघू देतो. गंगाधरपंत मुंबईत येतात तर ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार चालूच आहे! तेव्हा ते ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड मागवून वाट नेमकी कोठे फुटली ते शोधतात. इतिहासकार दुसरे काय करणार? ही कथा वाचताना मला दर वेळी १६८३ आठवते: संभाजी महाराजांच्या सैन्याने पोर्तुगीजांच्या ताब्यातले गोव्याचे जुवे बेट घेतले होते, आणि मागून मोगल फौज चालून आली नसती तर पुढे काय झाले असते, हे गोमंतकीय लेखकाने मांडून पाहण्याजोगे आहे.

मराठी विज्ञानकथेबद्दल माझी एक तक्रारही आहे. पुष्कळ कथांमध्ये प्रयोगशाळेत कोणी पाहुणा येतो, शास्त्रज्ञ त्याला पानेच्या पाने सिद्धांत समजावतो, आणि तोवर गोष्ट दाराबाहेर ताटकळत राहते. वास्तविक नियम कामातून दिसला पाहिजे. आमच्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतली, मानस घ्या; मानस म्हणजे बांधात बसवलेली पाण्याची झडप. भरतीचे पाणी रेटा देते तेव्हा तिची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते, आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. आता समुद्राची पातळी इतकी वाढली अशी कल्पना करा, की ओहोटीचे पाणीही पुरेसे खाली जात नाही आणि दारे उघडतच नाहीत. पावसाचे पाणी आत तुंबेल, भात कुजेल. कूळसंघात, म्हणजे ही शेते कसणाऱ्या कुळांच्या संघटनेत, बांध उंच करायचा की शेत सोडून द्यायचे यावरून फूट पडेल, आणि मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, घेणारा तिसरेच काही म्हणेल. या कादंबरीत व्याख्यान देणारा शास्त्रज्ञ लागत नाही. कोणी ती लिहायला घेतली असेल, तर कच्चा खर्डा वाचायला मी आनंदाने तयार आहे.