पुलावर काठी टेकायची नाही

आमच्या चाकणच्या प्लांटसाठी एक पॅकिंग मशिन घेतलं होतं, त्याच्या एफएटीला मला एकटीला जपानला पाठवलं. म्हणजे मशिन तिकडच्या फॅक्टरीत चालवून बघायचं, सगळं नीट असेल तर सही करायची आणि मग ते कंटेनरमध्ये चढतं. शिकोकु बेटावर ताकामात्सुला हॉटेल. शनिवारी सलग आठ तासांची रन टेस्ट होती आणि सहाव्या तासाला मशिन अडकलं. ते लोक म्हणाले, सोमवारी उरलेले दोन तास चालवू. पुण्याहून साहेबांचा मेसेज, "जरा ॲडजस्ट कर." म्हणजे सही कर आणि ये, दुसरं काय!

रविवार मोकळा. खाण्याचे हाल होतेच, ताकामात्सुचं उदोन (जाड नूडल्स) एवढं नावाजलेलं पण त्याच्या रश्शात सुकी मासळी असते, मग माझ्यासारखीने दारातून नुसता वास घ्यायचा आणि खोलीवर येऊन विकतच्या भातावर मेतकूट. नोव्हेंबरचा भुरभुर पाऊस. खोलीत बसले असते तर डोकं फुटलं असतं, म्हणून कोतोकु लाइनची गाडी पकडून बान्दोला उतरले. तिथून थोडं चालून र्योझेन्जी, शिकोकुच्या ८८ देवळांच्या यात्रेतलं पहिलं देऊळ. पूर्ण बेटाला फेरी, पायी साधारण १२०० किलोमीटर. आपली नर्मदा परिक्रमा जशी, तसंच काहीसं.

माझ्याच गाडीतून एक आजी उतरल्या. पांढरा अंगरखा, बांबूची टोपी, हातात काठी, एका गुडघ्याला पट्टा. मला रस्ता माहीत नव्हता, म्हणून मी निमूट त्यांच्या मागे. काठीचा टक टक आवाज चालू होता आणि मधे एक छोटासा पूल आला तिथे एकदम बंद. पूल संपला, परत टक टक. मला राहवेना, मोबाईलवरचं भाषांतर पुढे करून विचारलं. तर उत्तर आलं, "खाली झोपले आहेत."

कोण झोपलंय!

कोबो दाइशी, म्हणजे कुकाई. नवव्या शतकातले शिंगोन बौद्ध पंथाचे गुरू, जन्म शिकोकुचाच. एकदा म्हणे त्यांना कोणी आसरा दिला नाही आणि त्यांनी पुलाखाली रात्र काढली, तेव्हापासून यात्रेकरू पुलावर काठी टेकवत नाही, झोपमोड नको. मी विचारलं, तुम्ही एकट्याच? त्यांनी टोपीवरची अक्षरं दाखवली, दोग्यो निनिन, दोघं मिळून चाललोय. दुसरे तेच.

वाटेत एका घरातून बाई बाहेर आल्या आणि आजींच्या हातात संत्री ठेवली, मलाही दोन. मी सवयीने नको नको. आजींनी माझं मनगटच धरलं, ओसेत्ताई आहे, नाही म्हणायचं नसतं. आपल्याकडे परिक्रमावासीयांना सदावर्त देतात तेच हे. मग आजींनी एक पांढरी चिठ्ठी काढून त्या बाईंना दिली, स्वतःचं नाव लिहिलेली, ओसामेफुदा म्हणतात. पांढरी म्हणजे चौथ्या फेरीपर्यंतची, पुढे जास्त फेऱ्या झाल्या की रंग बदलतो, पार शंभरच्या पुढे गेलं की जरीची. आजींची पहिलीच. पण या एका फेरीला नऊ वर्षं लागली होती! शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, नवरा अंथरुणाला, वर्षाकाठी चार-पाच दिवस मिळायचे तेवढेच चालायचं. बाराव्या देवळाच्या चढाला हेन्रो कोरोगाशी म्हणतात, यात्रेकरूला लोळवणारा. तिथे पहिल्या वर्षी गुडघ्याने दगा दिला, अर्ध्यावर बसून परत गेल्या. पुढच्या वर्षी बरोबर त्याच दगडापाशी येऊन तिथून पुढे. मी म्हटलं, खालून नाही सुरू केलं? त्या हसल्या, खालचं तर चालून झालं होतं ना.

आदल्या दिवशी ८८ वं देऊळ झालं होतं. आता पहिल्याला "झालं हो" सांगायला आलेल्या.

देवळात त्या प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणायला लागल्या. जपानी मला शून्य, पण शेवटी ग्यातेई ग्यातेई आलं आणि मग बोजी सोवाका, आणि मी चमकलेच. गते गते, बोधि स्वाहा! चीनमार्गे एवढा प्रवास करून स्वाहाचं सोवाका झालंय, पण ओळखू आलं. मी हळूच आपल्या उच्चारात म्हणून दाखवलं तर आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी काही मीच नालंदाहून थेट आलेय. (माझं शिक्षण बीई मेकॅनिकल, पण तो विषय नको.)

निघताना बॅगेत क्लायंटसाठी आणलेली लोणावळ्याची चिक्की होती ती दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आणि लगेच एक पांढरी चिठ्ठी माझ्याही हातात. म्हणजे माझी चिक्की ओसेत्ताईत जमा.

सोमवारी फॅक्टरीत सांगितलं, दोन तास चालणार नाहीत, शून्यापासून सलग आठ. आजींचं नाव पुढे करावं तर त्यांचा हिशोब नेमका उलटा, थांबले तिथून पुढे. पण यात्रा वेगळी आणि मशिन वेगळं. साहेबांचे तीन कॉल आले, मी एकदाच उचलला. साडेपाच तासांनी मशिन परत अडकलं, तेव्हा कुठे त्यांनी सगळं उघडलं आणि सैल झालेला सेन्सर सापडला. मंगळवारी आठ तास पूर्ण, मग सही.

चिठ्ठी पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे. नाव-पत्ता जपानीत, मला वाचता येत नाही, आणि मोबाईल वर धरून वाचावंसं अजून वाटलेलं नाही.