आमची वाटचाल : काटा शून्यावर असला म्हणून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला फक्त फाउंड्रीवाल्यांचे प्रेशर गेज (दाब दाखवणारे डायल) दुरुस्तीला यायचे. पुढे त्याच टेबलावर दवाखान्यांची बीपीची मशीनं येऊ लागली. हात बसायला वेळ लागला नाही. बॉयलरच्या गेजमध्ये वाकवलेली नळी असते आणि बीपीच्या डायलमध्ये नागमोडी पत्र्याची पातळ डबी. दांडा, दातेरी चक्र आणि केसासारखी स्प्रिंग दोन्हीकडे सारखीच.

डायल टेबलावरून पडला की डबीचा आकार बिघडतो, नाहीतर चक्राचा एखादा दात सरकतो. तरीही काटा शून्यावर दिसू शकतो, कारण बऱ्याच स्वस्त डायलमध्ये शून्याजवळ अडवणारी खुंटी असते. त्यामुळे ‘काटा शून्यावर येतोय की’ हे उत्तर आम्ही धरत नाही. दंडाला बांधायचा पट्टा स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळायचा, नळीत टी-जोड घालून प्रमाणित मॅनोमीटर (दाब मोजायचं खात्रीचं उपकरण) जोडायचा, पाऱ्याच्या मापात २५० मिमीपर्यंत हवा भरायची आणि उतरताना २००, १५०, १००, ५० ला दोन्ही आकडे लिहायचे. फरक ३ मिमीपेक्षा जास्त नको. मग व्हॉल्व्ह बंद करून, दाब स्थिरावू देऊन, मिनिटभर थांबायचं; ४ मिमीपेक्षा जास्त घसरण झाली तर गळती आहे. ती बहुतेकदा फुग्याच्या व्हॉल्व्हमध्ये असते, नाहीतर जोडाजवळ चिरलेल्या रबरी नळीत. नळी कापून पुन्हा बसवली की काम झालं. यासाठी नवीन मशीन घ्यायला लावणारे विक्रेते आहेत, आम्ही त्यातले नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पट्ट्यावरून. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. ३४ सेंमी घेराच्या दंडाला साडेतेरा सेंमी रुंद आणि २७ सेंमी लांब पिशवी लागते. उद्यमबागेत घण मारणाऱ्या माणसाला नेहमीचा लहान पट्टा लावला की बीपी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. मशीन अचूक असूनही गोळी चुकीच्या माणसाला सुरू होऊ शकते. म्हणून डायलबरोबर मोठा पट्टाही घ्या, हे आम्ही प्रत्येक डॉक्टरांना सांगतो, ऐकणारे थोडे.

ईसीजीचं काम खानापूर भागात वाढलं आणि तिथे निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या निघाल्या. रेघ जाड, केसाळ आली की समजायचं, विजेची ५० सायकलची लहर शिरलीय. आधी इलेक्ट्रोडची जेल आणि वायर बघायची, मग अर्थिंगचा खड्डा. हीच लहर कागदाचा वेग तपासायला उपयोगी पडते : वेग सेकंदाला ५० मिमीवर टाकला की एका मिलिमीटरात एकच लहर यायला हवी. रेघेच्या उंचीसाठी मशीन स्वतः काढतं तो १ मिलिव्होल्टचा चाचणीचा चौकोन बरोबर १० मिमीचा पाहिजे. रेघ डुलतेय म्हणून बेसलाइनचा (रेघेची मूळ पातळी सरळ करणारा) फिल्टर मात्र डोळे मिटून लावू नये. एसटीचा, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतर येणाऱ्या रेघेच्या तुकड्याचा, आकार त्याने बदलू शकतो, आणि हार्ट ॲटॅकची शंका असताना बघायचं असतं ते नेमकं तेच.

एक्स-रेमध्ये आम्ही प्राथमिक तपासणीच करतो : कॅसेटवर (फिल्मच्या चपट्या डबीवर) मशीनच्या दिव्याच्या उजेडाच्या कडांना नाणी ठेवून एक एक्स्पोजर. १०० सेंमी अंतरावर उजेड आणि किरणांची कड २ सेंमीपेक्षा जास्त हललेली दिसली तर कॉलिमेटरचा (किरणांची चौकट ठरवणाऱ्या भागाचा) आरसा सरकलाय. अणुऊर्जा नियामक मंडळाला लागणारी गुणवत्ता चाचणी अधिकृत एजन्सीकडूनच करून घ्यावी लागते. तो कागद आमच्याकडे मागू नये.

सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवायचा दांडा) कोरडा ठेवून त्याच्या तोंडावरून कागदाच्या क्लिपची कड सरकवली की पडद्यावर रेघा चालत जातात. जिथे रेघ विझते तिथला आवाजाची लहर सोडणारा क्रिस्टल मेलेला. ही तपासणी आम्ही दवाखान्यात जाऊनच करतो. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली मशीनची नोंद जागेसकट असते. कोल्हापुरात जुनं स्वस्त मिळतंय म्हणून गाडीत घालून निपाणीला आणायचं, असं चालत नाही.

तपासलेल्या प्रत्येक डायलवर तारीख आणि फरक लिहितो, सहा महिन्यांनी पुन्हा बघतो. कागदी स्टिकर जांबोटी-कणकुंबीच्या पहिल्याच पावसात गळून पडायचे. आता फाउंड्रीच्या गेजला लावतो तसाच ठसा मारलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला तारेने बांधतो.