वेब सर्व्हरची जोडणी पॅकेजवर सोपवावी का?

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळण्याचे साधन) पॅकेजमधून बसवताना मध्येच एक निळा पडदा उघडतो आणि कोणता वेब सर्व्हर आपोआप जोडून द्यायचा, असे विचारतो. यादीत अपाचे आणि लायटीपीडी ही दोनच नावे असतात. अपाचेच्या ओळीवर कर्सर आधीच उभा असल्यामुळे तेच निवडले गेले आहे असे वाटते. प्रत्यक्षात स्पेसबार दाबून चौकटीत तारांकन उमटवल्याशिवाय निवड होत नाही. पहिल्या वेळी मी थेट एंटर दाबले. इन्स्टॉलेशन कसलीही तक्रार न करता पूर्ण झाले, आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, हा संदेश दिसत राहिला. डीपीकेजी-रीकॉन्फिगर या आज्ञेने तोच प्रश्न पुन्हा विचारून घेता येतो, हे मला बरेच नंतर कळले.

‘आपोआप’ म्हणजे नेमके काय घडते, हे मी त्यानंतर फाइली उघडून पाहिले. काम अगदी थोडे आहे. पॅकेज स्वतःच्या अपाचे-कॉन्फ फाइलची एक लिंक अपाचेच्या कॉन्फ-अव्हेलेबल फोल्डरमध्ये ठेवते, ती चालू करते आणि अपाचेला नवी मांडणी वाचायला लावते. हाताने करायचे झाल्यास लिंक बनवायची, ती चालू करणारी एटूएनकॉन्फ ही आज्ञा चालवायची, मांडणी तपासणाऱ्या कॉन्फिगटेस्टकडून ‘सिंटॅक्स ओके’ मिळाले की रीलोड करायचे, एवढेच.

पण ही लिंक जिथे बसते, ती जागा महत्त्वाची आहे. ती फाइल एखाद्या व्हर्च्युअल होस्टच्या (एकाच सर्व्हरवरील एका संकेतस्थळाच्या स्वतंत्र मांडणीच्या) आत नसून संपूर्ण सर्व्हरच्या पातळीवर वाचली जाते, आणि तिच्यातला एलियास, म्हणजे पत्ता आणि फोल्डर यांची जोडी, प्रत्येक व्हर्च्युअल होस्टला वारशाने मिळतो. म्हणजे एकाच सर्व्हरवर दहा संकेतस्थळे असतील, तर त्या दहाही पत्त्यांपुढे ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’ लिहिले की डेटाबेसचे लॉगिन पान उघडते. आपोआप लिंक शोधत फिरणारे बॉट हा पत्ता वारंवार ठोठावतात, हे सार्वजनिक सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पाहायला मिळते. म्हणून त्या पडद्यावर मी आता जाणूनबुजून एकही तारांकन उमटवत नाही. व्यवस्थापनासाठी वेगळा ठेवलेल्या व्हर्च्युअल होस्टमध्ये इन्क्लूडची (दुसरी फाइल आत घेणारी) एक ओळ लिहून मी पॅकेजचीच अपाचे-कॉन्फ फाइल आत घेतो, आणि तिच्याखाली लोकेशनच्या विभागात रिक्वायर आयपी लिहून ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश देतो.

डेटाबेसच्या बाबतीत माझे मत नेमके उलट आहे. पॅकेजसाठी डेटाबेस तयार करून देणारे डीबीकॉन्फिग-कॉमन हे साधन विचारते तेव्हा मी होकारच देतो. वेगळा डेटाबेस उभारणे, त्यासाठी वापरकर्ता बनवणे, पासवर्डची जागा रिकामी सोडली तर स्वतः यादृच्छिक पासवर्ड तयार करणे आणि तो योग्य फाइलमध्ये लिहिणे, ही कामे ते माझ्यापेक्षा अचूक करते. शिवाय त्यात कोणाला काय दिसावे असा प्रश्न नसतो. वेब सर्व्हरच्या जोडणीत तोच मुख्य प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर पॅकेज बनवणाऱ्याला माहीत असणे शक्य नाही. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरचे नाव तर त्या यादीत नसतेच, त्यामुळे तो वापरणाऱ्यांना सर्व्हर ब्लॉक (त्याच्यातला व्हर्च्युअल होस्ट) स्वतःच लिहावा लागतो.

इन्क्लूडच्या या पद्धतीचा खरा उपयोग अपग्रेडच्या वेळी जाणवतो. पॅकेजने दिलेल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आपण बदल केलेला असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदललेली असेल, तर पॅकेजे बसवणारा डीपीकेजी हा प्रोग्रॅम थांबून जुनी ठेवायची की नवी घ्यायची असे विचारते. जुनी ठेवली, तर नवी फाइल डीपीकेजी-डिस्ट या शेपटीसह शेजारी पडून राहते आणि दोन्हींतला फरक नंतर आपल्यालाच जुळवत बसावे लागते. माझे निर्बंध माझ्या व्हर्च्युअल होस्टच्या फाइलमध्ये असल्यामुळे पॅकेजच्या फाइलला मी हात लावलेला नसतो. डीपीकेजी तिच्या जागी नवी फाइल न विचारता बसवते, आणि प्रवेशाचे नियम होते तसेच राहतात.