पटाशीची धार पाठीपासून सुरू होते

आजचा रविवार पटाश्यांचा, म्हणजे सुताराच्या छिन्न्यांचा. पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेली नवी पटाशी थेट लाकडाला लावू नका, कारखान्यातून तिला फक्त आकार मिळालेला असतो.

आधी पाठ, म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू. ६ मिमी काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, पाठ सपाट टेकवून घासा. टोकाकडचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग एकसारखा दिसला की बास. अख्ख्या पाठीचा आरसा करायचा हट्ट म्हणजे फुकटचा घाम! मग १००० आणि २००० नंबरचा पेपर.

उतार २५ अंशांचा, अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. बाजूने पकडणारा साधा होनिंग गाइड (पटाशी ठरलेल्या कोनात धरणारा चिमटा) असेल तर पटाशी ४० मिमी बाहेर काढली की साधारण २५ अंश, ३० मिमीला ३०. घासताना पाठीकडे पूर्ण रुंदीभर बर (घासल्याने कडेला वळलेली धातूची बारीक कंगोरी) बोटाला लागेपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि दोष पेपरला देतात. शेवटी चामड्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट लावून त्यावर धार घासा. पटाशी फक्त मागे ओढायची, पुढे ढकलली तर चामडं कापलं जातं.

ग्राइंडरवर धार निळी पडली तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढा भाग काढून टाकल्याशिवाय धार टिकत नाही.

धारेची परीक्षा पाइनच्या आडव्या कापावर, म्हणजे तंतू आडवे कापलेल्या टोकावर घ्या. बोथट पटाशी तिथे तंतू चिरडते, सागावर हे इतकं दिसत नाही. सागातली सिलिका मात्र धार लवकर खाते, त्यामुळे मधूनमधून चामडं हवंच. पावसाळ्यात काम झालं की मशीन ऑइलचा हात फिरवा.